ऱ्हीस: एका वेल्श नावाचा उगम, त्याचे मानकरी आणि त्यातून निघालेली आडनावं

प्रश्न असा आहे की ऱ्हीस हे वेल्श नाव मूळचं काय, त्याचा उच्चार नेमका कसा, ते कोणाकोणाचं होतं, आणि प्राइस, रीस, राइस या आडनावांचा त्याच्याशी खरंच संबंध आहे की नुसतंच ध्वनिसाम्य आहे. संबंध आहे आणि तो कागदोपत्री सिद्ध होण्यासारखा आहे. मात्र आडनाव प्राइस दिसलं की मूळपुरुष ऱ्हीस, असं डोळे झाकून म्हणता येत नाही. का, ते पुढे येईल.

आधी उच्चार, कारण तिथेच बहुतेकांची गाडी अडते. रोमन लिपीत हे नाव आर, एच, वाय, एस अशा चार अक्षरांत लिहितात. ते 'राइस' नाही आणि 'ऱ्हाइस'ही नाही. वेल्शमध्ये आर आणि एच ही जोडी मिळून एकच वर्ण होतो आणि वर्णमालेत त्याला वेगळी जागा आहे. मराठी माणसाला इथे इंग्रजांपेक्षा सोपं जातं, कारण 'ऱ्हास', 'ऱ्हस्व' यांतला ऱ्ह आपल्या जिभेवर आहे. फरक एवढाच की आपला ऱ्ह घोष आहे, म्हणजे तो म्हणताना कंठ थरथरतो. वेल्श ऱ्ह अघोष आहे. गळ्यावर बोट ठेवून 'र' कुजबुजत म्हणा, जिभेचं टोक दोनतीनदा फडफडू द्या, श्वास जोरात सोडा आणि कंठ थरथरू देऊ नका, की तो वर्ण साधतो. पुढचा स्वर दीर्घ ई. उत्तर वेल्समध्ये तो जीभ किंचित मागे ओढून उच्चारतात, दक्षिणेत सरळ ई. शेवटी स्वच्छ स; त्याचा झ करू नये. इंग्रजीत अघोष ऱ्ह नसल्यामुळे ते लोक 'रीस' म्हणतात. देवनागरीत 'ऱ्हीस' लिहिणं सगळ्यांत जवळचं. 'रिस' असा ऱ्हस्व लिहू नये, स्वर चुकतो.

अर्थ सांगताना नावांच्या पुस्तकांत 'उत्साह', 'आवेश', 'धडाडी' असे शब्द येतात आणि ते ठीक आहेत. त्याच मुळाशी जोडला जाणारा 'ऱ्हीसुर' हा जुना वेल्श शब्द म्हणजे वीर, योद्धा. एका गोष्टीत मात्र गोंधळ होतो. मध्ययुगीन लॅटिन कागदांत या नावाचं रूप 'रेसुस' असं येतं, आणि सोळाव्या शतकातल्या विद्वानांनी तर त्याला 'ऱ्हेसुस' असा ग्रीक थाट दिला. ग्रीक कथांत त्याच नावाचा एक थ्रेसचा राजा आहे. त्याचा वेल्श नावाशी काही संबंध नाही. (उत्तर भारतातल्या लालतोंड्या माकडाचं 'ऱ्हीसस' हे इंग्रजी नावही त्या थ्रेसच्या राजाच्या नावासारखंच आहे. वेल्श राजघराणं त्या बाबतीत निर्दोष आहे.)

आता मूळ व्यवस्था समजून घेऊ, नाहीतर माणसं एकमेकांत मिसळतात. जुन्या वेल्समध्ये आडनाव नव्हतंच. माणसाचं नाव, मग 'आप' म्हणजे 'चा मुलगा', मग बापाचं नाव. ऱ्हीस आप ग्रिफिद म्हणजे ग्रिफिदचा मुलगा ऱ्हीस. बापाचं नाव स्वराने सुरू होत असेल तर 'आप'चं 'आब' होतं: आब ओवाइन, आब एइनियॉन. मुलीसाठी 'वेर्ख', म्हणजे 'ची मुलगी'. आपण मधल्या जागी वडिलांचं नाव लावतो त्यासारखंच, फक्त पुढे आडनाव नाही. त्यामुळे हवं तर आजोबा, पणजोबा असं 'आप'वर 'आप' लावत सात पिढ्या मागे जायचं. हा नुसता हौशीचा भाग नव्हता. वेल्श कायद्यात जमिनीचा वाटा आणि खुनाची भरपाई नातेवाइकांच्या पिढ्या मोजून ठरत असे, म्हणून वंशावळ पाठ असणं ही व्यवहाराची गरज होती.

ऱ्हीस हे नाव मोठं झालं ते नैर्ऋत्य वेल्समधल्या देहेइबार्थ या राज्यामुळे. तिथला पहिला गाजलेला मानकरी ऱ्हीस आप टेउदुर. 1081 च्या मिनिद कार्नच्या लढाईत त्याने आपलं राज्य पक्कं केलं. इंग्लंडच्या 1086 च्या डूम्सडे या महसुली पाहणीत 'वेल्सचा रिसेत' राजा विल्यमला 40 पौंड देतो अशी नोंद आहे, आणि ती नोंद याचीच धरली जाते. इंग्लंड जिंकून बसलेल्या नॉर्मनांच्या कारकुनाने नाव जसं कानावर पडलं तसं लिहिलं: एच नाही आणि शेवटी एक जादा त. पुढे इंग्रजी दप्तरांत या नावाचं जे काही झालं त्याची ही नांदीच म्हणायची. 1093 मध्ये ब्रेकनजवळ नॉर्मनांशी लढताना तो पडला. त्याची मुलगी नेस्ट हिचं लग्न नॉर्मन सरदार जेराल्ड ऑफ विंडसरशी झालं. आयर्लंडचे फिट्झजेराल्ड तिच्याच वंशातले, आणि बाराव्या शतकातला प्रसिद्ध लेखक जेराल्ड ऑफ वेल्स तिचा नातू.

या नावाचा सर्वांत मोठा धनी मात्र ऱ्हीस आप टेउदुरचा नातू, ऱ्हीस आप ग्रिफिद, जन्म 1132. तो चार वर्षांचा असताना त्याची आई ग्वेन्ल्लियन किडवेलीजवळ नॉर्मनांविरुद्ध फौज घेऊन लढली आणि मारली गेली. पुढच्याच वर्षी बाप गेला. थोरले भाऊ एकामागून एक बाजूला झाल्यावर 1155 मध्ये राज्य त्याच्या हाती आलं. 1158 मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीपुढे नमतं घ्यावं लागलं आणि 'राजा' ही पदवी मागे पडली. म्हणूनच इतिहासात तो 'राजा ऱ्हीस' नव्हे, 'अर आर्ग्लुइद ऱ्हीस', म्हणजे 'लॉर्ड ऱ्हीस' या नावाने ओळखला जातो. 1165 ची हेन्रीची मोठी स्वारी बेर्विन डोंगरात पावसाने पार फसली, आणि ऱ्हीसने ती संधी साधून कार्डिगनचा किल्ला घेतला. मग हेन्रीने शहाणपणाने हात मिळवला आणि 1172 मध्ये त्याला दक्षिण वेल्सचा मुख्य न्यायाधिकारी नेमलं.

कार्डिगनचा किल्ला त्याने दगडात बांधून काढला आणि 1176 च्या नाताळात तिथे कवी आणि वादकांची स्पर्धा भरवली. तिची दवंडी वर्षभर आधी वेल्स, इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये पिटली होती. विजेत्यांसाठी दोन आसनं ठेवली होती, एक काव्याचं आणि एक संगीताचं. काव्यातलं आसन उत्तरेच्या ग्वीनेदच्या कवींनी नेलं. तंतुवाद्यातलं ऱ्हीसच्याच दरबारातल्या एका तरुणाने जिंकलं. वेल्समध्ये आज दरवर्षी जो राष्ट्रीय आइस्तेदवॉद (काव्य-संगीताचा महोत्सव) भरतो आणि विजयी कवीला जी खुर्ची देतात, त्या परंपरेचं मूळ याच मेळाव्यात दाखवतात. आठशे वर्षं झाली म्हणून 1976 चा राष्ट्रीय आइस्तेदवॉद मुद्दाम कार्डिगनलाच झाला.

1197 मध्ये ऱ्हीस गेला तेव्हा बिशपशी झालेल्या भांडणामुळे तो चर्चमधून बहिष्कृत होता. सेंट डेव्हिड्सच्या कॅथेड्रलमध्ये दफन करण्याआधी प्रायश्चित्त म्हणून त्याच्या मृतदेहाला फटके मारण्यात आले. तिथे आज त्याची म्हणून जी आडवी दगडी मूर्ती दाखवतात ती चौदाव्या शतकातली आहे. तिच्यावरून त्याचा चेहरा कसा होता हे ठरवायला जाऊ नये.

इथून पुढे वाचकाची खरी परीक्षा आहे. लॉर्ड ऱ्हीसचा मुलगा ऱ्हीस ग्रीग, त्याचा मुलगा ऱ्हीस मेखिल्ल, त्याचा मुलगा ऱ्हीस वखान, त्याचा मुलगा ऱ्हीस विन्दॉद. बापापासून खापरपणतूपर्यंत पाच पिढ्या सगळे ऱ्हीस, आणि भोवती आणखी चुलत ऱ्हीस. अशा वेळी 'आप' उपयोगाचा नसतो, कारण 'ऱ्हीस आप ऱ्हीस' चौघांनाही लागू पडतं. म्हणून टोपणनावं. ग्रीग म्हणजे घोगऱ्या आवाजाचा किंवा अडखळत बोलणारा. वखान म्हणजे धाकटा. मूळ शब्द 'बखान', नावामागे आल्यावर ब चा व होतो. हाच वखान पुढे इंग्रजीत व्हॉन हे आडनाव झाला. गंमत अशी की ऱ्हीस ग्रीगलासुद्धा काही साधनांत ऱ्हीस वखान म्हटलंय, कारण बापाच्या तुलनेत तोही धाकटाच. त्यामुळे तेराव्या शतकातल्या एखाद्या उल्लेखात 'ऱ्हीस वखान' दिसला तर आधी साल बघायचं. 1233 च्या आधीचा असेल तर ग्रीग असण्याची शक्यता तपासायची. 1244 ते 1271 या काळातला असेल तर बहुधा मेखिल्लचा मुलगा. नाव बघून माणूस ठरवला की चुकलंच म्हणून समजा.

याच घराण्यातल्या ऱ्हीस आप मारेदिदने 1287 मध्ये पहिल्या एडवर्डविरुद्ध बंड केलं आणि 1292 मध्ये यॉर्कला त्याला मृत्युदंड झाला. त्यानंतर दोन शतकं हे नाव जमीनदार आणि कवींमध्ये टिकून राहिलं. पुन्हा राजकारणाच्या पटावर आलं ते सर ऱ्हीस आप थॉमसमुळे. 1485 मध्ये हेन्री ट्यूडर, म्हणजे इंग्लंडचा पुढचा सातवा हेन्री, वेल्समध्ये उतरला तेव्हा याने फौजेसह त्याची बाजू घेतली, बॉसवर्थला लढला आणि पुढे दक्षिण वेल्सचा जवळपास मालकच झाला. 1525 मध्ये वारला. कार्मार्थनच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये त्याची कबर आहे.

त्याच्या नातवाची हकिगत नावाच्या अभ्यासकाने मुळीच सोडू नये. ऱ्हीस आप ग्रिफिद (लॉर्ड ऱ्हीसचंच नाव, पण माणूस साडेतीनशे वर्षांनंतरचा) याला आठव्या हेन्रीने 1531 मध्ये राजद्रोहाखाली शिरच्छेदाची शिक्षा दिली. आरोपांत एक असा होता की त्याने आपल्या नावाला 'फिट्झ-यूरिएन' हे बिरुद जोडलं. यूरिएन हा सहाव्या शतकातला राजा, वेल्श काव्यात अजरामर झालेला. त्याचा वंशज म्हणवणं म्हणजे वेल्सच्या गादीवर हक्क सांगणं, असा अर्थ लावला गेला. जमिनी जप्त झाल्या. पुढच्या पिढ्यांनी 'राइस' असं इंग्रजी वळणाचं आडनाव लावलं, हळूहळू काही मालमत्ता परत मिळवली आणि पुढे बॅरन डायनेव्हर झाले. सातवे बॅरन वॉल्टर फिट्झयूरिएन राइस यांनी 1916 मध्ये राजाच्या परवान्याने 'राइस' टाकून पुन्हा 'ऱ्हीस' हे आडनाव घेतलं. ज्या शब्दापायी एकाचं डोकं गेलं तो शब्द त्यांचं मधलं नाव होता.

आडनावांकडे वळू. 1536 आणि 1543 च्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडच्या कारभाराला जोडला गेला. कोर्ट, करवसुली, जमिनीचे दस्त सगळं इंग्रजी. कारकुनाला पिढीगणिक बदलणारं नाव नको होतं. मग दोन वाटा झाल्या. एक, 'आप' गळाला आणि बापाचं नाव तसंच आडनाव झालं: ऱ्हीस, आणि इंग्रजी कानाने लिहिलेलं रीस किंवा राइस. दुसरी, 'आप'मधला आ गळाला आणि प पुढच्या नावाला चिकटला: आप ऱ्हीसचं प्रीस, आणि इंग्रजीत प्राइस किंवा प्रीस. याच रीतीने आप हवेलचं पॉवेल, आप ह्यूचं प्यू, आप हॅरीचं पॅरी झालं, आणि 'आब'वाल्या नावांना ब चिकटला: आब ओवाइनचं बोवेन, आब इव्हानचं बेव्हन.

ही प्रक्रिया एकाच माणसात घडताना बघायची असेल तर ब्रेकनचे सर जॉन प्रीस घ्या. त्यांच्या बापाचं नाव ऱ्हीस आप ग्विलिम. 1530 च्या दशकात मठांच्या तपासणीला ते सरकारी अधिकारी म्हणून फिरले तेव्हाच्या इंग्रजी कागदांत ते 'जॉन आप राइस' आहेत, नंतर 'प्राइस', वेल्श लिखाणात 'प्रीस'. 1546 मध्ये वेल्श भाषेतलं पहिलं छापील पुस्तक त्यांनीच काढलं. एकच माणूस आणि तीन रूपं, म्हणजे त्या काळात रूप महत्त्वाचं नव्हतं, बाप कोण हे महत्त्वाचं होतं. याच शतकातले आर्चडीकन (चर्चचे वरिष्ठ अधिकारी) एडमंड प्रीस यांची गंमत वेगळी आहे. त्यांनी बायबलमधल्या स्तोत्रांची वेल्श पद्यरूपं रचली, 1621 मध्ये छापली. पण ऱ्हीस त्यांचा बाप नव्हता, आजोबा होता. बापाचं नाव शोन आप ऱ्हीस. म्हणजे प्रीस हे एव्हाना घराण्याचं आडनाव झालं होतं. हा बदल सगळीकडे एकदम झाला नाही. वरच्या वर्गात आणि इंग्लंडच्या सीमेलगत सोळाव्या शतकातच झाला. पश्चिमेच्या आणि उत्तरेच्या खेड्यांत अठराव्या, काही ठिकाणी एकोणिसाव्या शतकापर्यंत बापाचं नावच पुढे लावत.

आता फसगत कुठे होते ते. इंग्लंडच्या श्रॉपशरमध्ये प्रीझ नावाचं गाव आहे. त्याचं नाव 'झुडपांची राई' अशा अर्थाच्या शब्दावरून पडलं आहे, माणसावरून नाही. त्या गावावरून आलेलं आडनाव लिहिण्यात प्रीसशी बेमालूम मिसळतं. अमेरिकेतले काही राइस मुळात जर्मन 'राइस' किंवा 'राईस' घराण्यांतले आहेत. सगळ्यांत मोठी चूक मात्र अशी की दोन गावांतले दोन रीस एकाच घराण्यातले धरणं. ऱ्हीस नावाचे बाप शेकड्याने होते. प्रत्येकापासून वेगळं रीस किंवा प्राइस घराणं निघालं. या आडनावांना कुळ नाही. 'प्राइस घराण्याचं मानचिन्ह' म्हणून विकल्या जाणाऱ्या ढाली-तक्त्यांवर पैसे घालवू नयेत.

प्रत्यक्ष शोध घ्यायचा असेल तर क्रम असा ठेवावा. आधी अलीकडून मागे जायचं. 1 जुलै 1837 पासूनची सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी आणि 1841 पासूनची खानेसुमारी यांतून गाव आणि शेताचं नाव मिळवायचं. शेताचं नाव सोन्यासारखं जपावं, कारण माणसाचं आडनाव बदललं तरी शेताचं सहसा बदलत नाही. 1837 च्या आधी चर्चच्या नोंदवह्या. तिथे शोधताना एकच रूप घालून थांबू नका: ऱ्हीस, रीस, रेस, राइस, रीसे, प्राइस, प्रीस, आपराइस, आणि लॅटिन असेल तर रेसुस. मग एक सवय लावून घ्या. समजा डेव्हिड रीस नावाच्या माणसाचा बाप्तिस्मा सापडत नाही. 'डेव्हिड, रीसचा मुलगा' असं शोधायचं, आणि बापाचं नाव 'रीस थॉमस' किंवा 'रीस इव्हान' निघेल ही तयारी ठेवायची. त्याच्या मुलाचं नाव रीस डेव्हिड निघू शकतं. नातवाच्या नावात आजोबा परत येतो ही त्या समाजाची रीतच होती, आणि बाकीचे धागे तुटले की तीच उपयोगी पडते. दोन भावांपैकी एकाने रीस धरलं आणि दुसऱ्याने डेव्हिस, असंही सापडतं. बाप्तिस्म्यात आई एकच असेल तर घाबरू नये. लग्न झालेल्या बायका जुन्या काळात बापाचंच नाव चालवत, म्हणून मृत्युपत्रात विधवेचं नाव नवऱ्यापेक्षा वेगळं दिसलं तर ती दुसरीच बाई समजू नये.

मृत्युपत्रं फारच कामाची. 1858 च्या आधीची वेल्श चर्च-न्यायालयांतली मृत्युपत्रं ॲबरिस्टविथच्या वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत आणि ऑनलाइन फुकट बघता येतात. त्यांत मुलं, जावई, शेत आणि गुरंढोरं नावानिशी येतात. एका पानावर 'माझा मुलगा रीस' आणि 'माझी मुलगी, जॉन पॉवेलची बायको' असं सापडलं की दोन पिढ्यांची गाठ बसते.

आधुनिक काळातल्या नावांत तीन प्रकार वेगळे धरावेत. पहिला, ऱ्हीस हे पाळण्यातलं नाव: 1967 मध्ये जन्मलेले नट ऱ्हीस इव्हान्स. त्यांचं मूळ आडनाव इव्हान्सच, फक्त ते वेल्श वळणाने लिहितात. दुसरा, ऱ्हीस मधलं नाव, जे पुढे आडनाव झालं: नट मॅथ्यू ऱ्हीस मूळचे मॅथ्यू ऱ्हीस इव्हान्स. वेल्समध्ये जोन्स, डेव्हिस, इव्हान्स एवढे झाले आहेत की मधलं नाव पुढे करणं ही सोय आहे. 1872 आणि 1873 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये दक्षिण वेल्सच्या गायकांचा ताफा जिंकवणारे 'काराडॉग' हेही मूळचे ग्रिफिथ ऱ्हीस जोन्स. तिसरा, लेखणीचं नाव: डॉमिनिकात जन्मलेल्या लेखिका जीन ऱ्हीस (1890–1979). मूळ नाव एला ग्वेन्डोलेन रीस विल्यम्स, वडील वेल्श डॉक्टर. नावातल्या रीसचं जुनं रूप त्यांनी उचललं. अमेरिकी नटी रीस विदरस्पून हिचं रीस हे आईचं माहेरचं आडनाव.

मराठी वाचकाने हे नाव बहुधा आधीच वाचलेलं असतं, फक्त लक्षात नसतं. पाली शिकणाऱ्या कोणालाही थॉमस विल्यम ऱ्हीस डेव्हिड्स (1843–1922) माहीत असतात. सिलोनच्या सनदी नोकरीत असताना ते पाली शिकले, 1881 मध्ये त्यांनी पाली टेक्स्ट सोसायटी काढली, आणि विल्यम स्टीड यांच्याबरोबरचा त्यांचा पाली-इंग्रजी कोश अजून टेबलावर असतो. वडील वेल्श धर्मोपदेशक. आडनाव डेव्हिड्सच, पण ग्रंथसूचीत 'ऱ्हीस डेव्हिड्स' असं जोडनाव म्हणून लावायची पद्धत पडली आहे आणि पत्नी कॅरोलाइन यांनीही तसंच लावलं. सूचीत ते ड खाली न सापडल्यास र खाली पाहावं.

प्राइस रूपातल्यांपैकी दोघे सांगण्यासारखे. तत्त्वज्ञ आणि गणिती रिचर्ड प्राइस (1723–1791): थॉमस बेझ या गणितीचं संभाव्यतेवरचं टिपण त्याच्या मृत्यूनंतर यांनीच संपादून पुढे आणलं. आणि लान्ट्रिसंटचे विक्षिप्त डॉक्टर विल्यम प्राइस (1800–1893). 1884 मध्ये त्यांनी आपल्या तान्ह्या मुलाचं शव उघड्यावर जाळायला घेतलं म्हणून खटला झाला, आणि न्यायाधीश स्टीफन यांनी, शेजाऱ्यांना उपद्रव होत नसेल तर दहन बेकायदा नाही, असा निकाल दिला. 1902 चा ब्रिटिश दहन कायदा त्या वाटेनेच आला. हे स्टीफन म्हणजे भारताचा 1872 चा पुरावा कायदा तयार करणारे जेम्स फिट्झजेम्स स्टीफन.